स्वस्तातली साठवणपेटी: घ्यावी का?

मंडळी, मागच्या एका लेखात मी ओझरता उल्लेख केला होता की घरातले सगळे फोटो, ध्वनिफिती आणि कागदपत्रं मी आता "नॅस" नावाच्या पेटीत ठेवते. त्यावर पुण्याच्या भाचीपासून ब्लॉगवरच्या जुन्या स्नेह्यांपर्यंत पाच-सहा जणांनी विचारलं, "घेण्यासारखी आहे का हो?" एकेकाला उत्तर लिहिण्यापेक्षा म्हटलं इथेच सविस्तर लिहावं.

मी काही संगणकातली तज्ज्ञ नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. पण पेटी गेले आठ महिने माझ्या घरात, माझ्या हाताखाली आहे. आठ महिन्यांत वर्गातल्या पोरांची पारख व्हायची, मग पेटीची का होऊ नये?

ज्यांना हे प्रकरणच ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. शाळेच्या डब्यांची चळत असते ना, साधारण तेवढी ही पेटी. आत दोन हार्ड डिस्क बसतात. मागून एक वायर राउटरला जाते, एक विजेला. मग घरातला कुठलाही फोन, कुठलाही संगणक वायफायवरून त्या पेटीत वस्तू ठेवू शकतो आणि काढू शकतो. सामायिक फडताळच म्हणा. माझी पेटी दोन कप्प्यांची, अगदी खालच्या वर्गातली. त्यात ४-४ टीबीच्या दोन डिस्क, एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवरही आपोआप उमटेल अशा मांडणीत. सगळं मिळून साधारण ४० हजार रुपये गेले, आणि त्यातला मोठा वाटा डिस्कांचा. पेटीचं नाव सांगत नाही. ही मॉडेलं वर्षा-दोन वर्षांत बदलतात, आणि या दर्जाच्या पेट्या गुणदोषांत एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. पेटी कामाची आहे. पण ती घेताना लोक जे प्रश्न विचारतात (किती टीबी, वेग किती, प्रोसेसर कुठला) त्यांनी फारसं काही कळत नाही. माझा प्रश्न एकच होता आणि आहे: उद्या मी नसले, तर सूनबाईला किंवा नातीला माझ्या आईचा आवाज या पेटीतून काढता येईल का?

हा प्रश्न का, ते सांगते. माझ्या आईला जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ होत्या. १९८७ च्या मे महिन्यात ह्यांनी तिला टेपरेकॉर्डरसमोर बसवून दोन कॅसेटी भरून घेतल्या. आई आधी लाजली, मग थांबेचना. मागे कुठेतरी कपबशी वाजते, एकदा माझा मुलगा मध्येच येऊन खाऊ मागतो. आई जाऊन तीस वर्षं होऊन गेली. जगात हा आवाज त्या दोन कॅसेटींखेरीज कुठेही नाही.

आणि दुसरी गोष्ट. हे २०२१ मध्ये गेले. ह्यांचा लॅपटॉप सुस्थितीत होता, आजही आहे. पण त्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. दुरुस्तीवाल्यानं डिस्क काढून पाहिली तर ती आपोआप कुलूपबंद झालेली निघाली. त्या कुलपाची किल्ली म्हणे ह्यांच्या ईमेल खात्यात. ईमेलचाही पासवर्ड हवा, आणि तो नव्यानं मागावा तर ह्यांच्या मोबाइलवर आकडा येणार. तो नंबर तोवर बंद होऊन गेलेला. २०१५ पासूनचे फोटो त्यात आहेत. आमची दोघांची कोकणातली शेवटची सहल, नातीचं बारसं, ह्यांनी टिपलेले कृष्णाघाटावरचे पक्षी. यंत्र जसं वागायला बनवलं होतं तसंच वागलं, कुणाला बोल लावणार? लॅपटॉप कपाटात आहे. टाकवत नाही.

तर ही पट्टी हातात घेऊन मी पेटी मोजते आहे.

रोजच्या वापरात तिच्याबद्दल तक्रार नाही. सून आणि मुलगा घरी आले की त्यांच्या फोनमधले नवे फोटो आपोआप पेटीत जातात, कुणाला काही करावं लागत नाही. आवाज म्हणाल तर रात्री सामसूम झाली की डिस्कची बारीक खरखर ऐकू येते. माझ्या खोलीतून हॉलमध्ये हलवल्यावर तीही नाही. वीज किरकोळ: चालू असताना १५-१६ वॅट धरले तर दिवसरात्र मिळून महिन्याला ११-१२ युनिट. वेगाचं म्हणाल तर वायरनं जोडल्यावर सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास मिळतो, वायफायवर त्याच्या निम्म्याहून कमी. फोटो बघायला आणि ओव्या ऐकायला याहून जास्त कशाला हवा? स्वस्ताईची खरी खूण दिसते ती स्मरणशक्तीत. अशा पेट्यांत एखादा जीबी रॅम असते. सगळे फोटो पहिल्यांदा चढवले तेव्हा त्यांची छोटी चित्रं तयार करायला ती पाच दिवस घुसमटत होती. "चेहरे ओळखून लावते" वगैरे जाहिरातीतल्या करामती मी दुसऱ्याच दिवशी बंद केल्या. चेहरे मला ओळखता येतात अजून.

विजेचं मात्र बघा. आमच्याकडे सांगलीत पावसाळ्यात वीज जाते-येते, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर डिस्कवरची नोंद बिघडू शकते. घरच्या इन्व्हर्टरवर पेटी आणि राउटर दोन्ही घेतले आहेत. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी छोटा यूपीएस घ्यावा. तो यूएसबीनं पेटीला जोडला की वीज गेल्याचं पेटीला कळतं आणि ती आपण होऊन नीट बंद होते. हा खर्च जमेला धरल्याशिवाय "स्वस्त" म्हणू नये.

डिस्क घेतानाही एक गोष्ट विचारून घ्या. एसएमआर जातीच्या डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक सरकवून बसवलेले असतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची उचलावी लागतात, तसं जुन्यावर नवं लिहिताना ती डिस्क रखडते. अशा पेटीत डिस्क बदलायची वेळ आली की हे फारच जाणवतं. २०२० मध्ये उघड झालं की खास नॅससाठी म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्कही या जातीच्या होत्या आणि खोक्यावर तसं लिहिलेलं नव्हतं. दुकानात "सीएमआर आहे ना?" एवढं विचारायचं. दुकानदार जरा दचकून बघतो, पण उत्तर देतो.

आता सगळ्यात मोठ्या गैरसमजाकडे येते. "दोन डिस्क आहेत, एक गेली तरी दुसरी आहे, म्हणजे आपण सुरक्षित." हे मी इतक्या शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकलंय की आता मला फळा-खडू घेऊन बसावंसं वाटतं. या मांडणीला "रेड" म्हणतात. १९८८ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी त्यावरचा निबंध लिहिला. त्यांचा विचार असा की एक महागडी मोठी डिस्क घेण्याऐवजी स्वस्त छोट्या डिस्कांचा ताफा उभा करावा. नावातल्या 'आय'चा अर्थ तेव्हा "इनएक्स्पेन्सिव्ह" म्हणजे स्वस्त असा होता; पुढे विकणाऱ्यांनी तो "इंडिपेंडंट" करून घेतला. (भाषेच्या शिक्षिकेला अशा गोष्टींत भलताच रस.) एक डिस्क मेली तरी काम थांबू नये, एवढंच या मांडणीचं वचन. तेवढं ती पाळते.

पण शाळेत आम्ही पावती कार्बन घालून लिहायचो, ते आठवा. वरच्या कागदावर चुकीची रक्कम लिहिली की खालच्यावरही तीच चुकीची रक्कम. पेटीतल्या दोन डिस्क म्हणजे कार्बनची प्रत. नातवानं चुकून एक फोल्डर पुसलं तर ते दोन्हींवरून त्याच क्षणी पुसलं जातं. पेटीच चोरीला गेली तर दोन्ही जातात. आणि पाणी? २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आम्ही सांगलीकर विसरू शकत नाही. आमचं घर विश्रामबागेकडे, उंचावर, म्हणून वाचलं. पण गावभागात माझ्या नणंदेच्या घरात कितीतरी दिवस पाणी होतं. ओसरल्यावर आम्ही तिचे लग्नाचे अल्बम उघडायला गेलो तर पानं एकमेकांना चिकटून एक वीट झालेली. त्या फडताळात अल्बमच्या जागी ही पेटी असती तर दोन्ही डिस्क एकाच पाण्यात बुडाल्या असत्या.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकारानं २००५ च्या आपल्या पुस्तकातून एक नियम रूढ केला: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. मी तो असा पाळते. पेटीच्या यूएसबीला एक साधी बाहेरची डिस्क लावून महिन्यातून एकदा सगळं उतरवते आणि ती कपाटात ठेवते. तशीच दुसरी डिस्क लेकीकडे नाशिकला. दिवाळीला ती येते तेव्हा डिस्कांची अदलाबदल होते, मे महिन्यात मी जाते तेव्हा पुन्हा. जुनं लोणचं घेऊन नवं द्यावं तसं. या दोन डिस्कांचे पैसेही पेटीच्याच किमतीत धरा. आणि त्या अशा पद्धतीनं फॉरमॅट करून घ्या की कुठल्याही साध्या संगणकाला लावल्या की उघडतील. मी एक्सफॅट वापरते. आपली पेटी ते वाचते का, हे आधी पाहून घ्यायचं.

हे शेवटचं वाक्य बारीक वाटेल, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. या पेट्यांच्या आत बहुधा लिनक्स चालतं आणि डिस्कवरची मांडणीही त्याच्याच पद्धतीची असते. उद्या पेटी जळली, आणि मुलानं डिस्क काढून आपल्या विंडोजच्या संगणकाला लावली, तर संगणक ती वाचणार नाही, काही वेळा उलट विचारतो, "ही डिस्क फॉरमॅट करू का?" भाबडा माणूस "हो" म्हणून मोकळा होतो. जाणकार माणूस लिनक्सच्या मदतीनं त्यातला ऐवज बाहेर काढू शकतो, पण माझ्या सुनेनं असा जाणकार सांगलीत कुठे शोधायचा? म्हणून पेटी सोयीसाठी, आणि साधी डिस्क वारसांसाठी.

लेकीला नाशिकहून पेटीतले फोटो बघायचे असतात. पेटी इंटरनेटला उघडून द्यायची सोय आहे, दोन कळा दाबायच्या. मी दाबल्या नाहीत, आणि तिला त्याची कारणंही वाचून दाखवली. वेस्टर्न डिजिटलची 'माय बुक लाइव्ह' नावाची घरगुती पेटी २०१० मध्ये आली. तिच्यातल्या प्रणालीची शेवटची सुधारणा २०१५ मधली. लोकांनी ती पुढेही वापरली, कारण ती चालत होती! जून २०२१ मध्ये एके दिवशी जगभरच्या लोकांना आपल्या पेट्या रिकाम्या सापडल्या; कुणीतरी दुरून त्या पुसल्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये इंटरनेटला थेट उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या पेट्यांवर 'डेडबोल्ट' नावाची खंडणीखोर आज्ञावली चालून आली. ती फायलींना कुलूप घालून किल्लीसाठी ०.०३ बिटकॉइन मागायची. म्हणून पेटी घेताना रंगरूप सोडा, "सुधारणा किती वर्षं देणार?" ते विचारा आणि ती वर्षं संपली की पेटी बदलायची तयारी ठेवा. बाहेरून सुरक्षितपणे शिरण्याचे मार्ग आहेत, पण ते नीट लावून देणारं माणूस घरात हवं. आमच्याकडे नाही. लेकीला हवे ते फोटो मी पाठवते, त्या निमित्तानं फोन होतो.

मग क्लाउडवर का ठेवत नाही, असं भाची म्हणाली. ठेवते की, काही गोष्टी. पण ते भाड्याचं घर आहे आणि भाडेकरार घरमालकच बदलतो. गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून संपली. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचा गूगलचा नियम २०२३ मध्ये आला. म्हणजे म्हातारं माणूस गेलं, घरच्यांना दोन वर्षं ते खातं उघडता आलं नाही, तर सगळं पुसलं जाऊ शकतं. आपल्यापैकी ज्यांचं ऑर्कुटवर काही होतं त्यांना २०१४ आठवत असेल. (ब्लॉगमित्रांनो, आपापल्या ब्लॉगची प्रत उतरवून घेतलीत का? घ्या. मी गेली आठ वर्षं दर गुढीपाडव्याला घेते.)

आता किल्लीबद्दल. पेटीत एक सोय असते, डिस्कवरचं सगळं सांकेतिक करून ठेवायची. तज्ज्ञ म्हणतील ती वापरावीच, चोरानं पेटी नेली तर? मी ती बंद ठेवली आहे. चोराला आईच्या ओव्या ऐकू आल्या तर ऐकू देत. नातीला आल्या नाहीत तर मात्र माझा सगळा खटाटोप वाया. बँकेचे आणि आधारचे कागद मी त्या पेटीत ठेवतच नाही, ते वेगळे. हे माझं मत आहे. ज्यांच्या पेटीत धंद्याचे हिशेब आहेत त्यांनी वेगळा विचार करावा.

शिवाय एक दोनशे पानी वही केली आहे. त्यात पेटी कुठे, पासवर्ड काय, नाशिकची डिस्क कुणाकडे, सगळं पेनानं, मराठीत. वही दागिन्यांच्या डब्याशेजारी. आणि नुसतं लिहून थांबले नाही, परीक्षा घेतली. एका रविवारी सूनबाईला म्हटलं, "मी गावाला गेलेय असं समज. आजीच्या ओव्या काढून दाखव." ती हसली, पण बसली. चाळीस मिनिटं गेली. "आई, नेटवर्क ड्राइव्ह जोडा असं लिहिलंयत, तो कुठून जोडायचा?" वहीतलं पान फाडून, पडद्यावर काय दिसतं त्याची चित्रं काढून पुन्हा लिहिलं. पुढच्या महिन्यात सातवीतल्या नातीनं वही वाचून नऊ मिनिटांत काढल्या. शेवटी दोन्ही पाय सोफ्यावर घेऊन पणजीचा आवाज ऐकत बसली, आणि खाऊ मागणारा तो मुलगा म्हणजे आपले बाबा हे कळल्यावर तिला हसू आवरेना. खरेदीआधी मी जे काही वाचलं त्यात ही परीक्षा कुणी घेतलेली दिसली नाही.

एका बाबतीत मात्र कुठलीही पेटी मदत करू शकत नाही. माझ्या २००३-०४ च्या प्रश्नपत्रिका आणि स्नेहसंमेलनाची नाटुकली तेव्हाच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. फाइल शाबूत, दोन्ही डिस्कांवर, नाशिकलासुद्धा. उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. असे मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, मी एकेक करून घेते आहे, जोडाक्षरं हातानं सुधारते. तेच नावांचं. कॅमेऱ्यानं दिलेलं "डीएससी ००४१२" पन्नास वर्षांनी कुणाला काय सांगणार? मी फोल्डरला "२००६ मे, समीरची मुंज, औदुंबर" असं नाव देते. पाच हजार फोटो झाले, अजून अकरा हजार आहेत.

शिक्षकी सवयीनं गुण दिल्यावाचून चैन पडणार नाही. रोजच्या सोयीला १०० पैकी ८०. वेगाला ६५, आणि तेवढा पुरे. एकटीच्या जिवावर ठेवा सांभाळण्याला ३५, म्हणजे काठावर. सोबत दोन साध्या डिस्क आणि एक वही दिली तर ८५.

कुणी घेऊ नये तेही सांगते. ज्यांचा सगळा ऐवज ३००-४०० जीबीत मावतो आणि घरात एकच माणूस तो हाताळतं, त्यांनी पेटीच्या भानगडीत पडू नये. दोन बाहेरच्या डिस्क घ्याव्यात, एक आपल्याकडे, एक भावंडाकडे. दहा-बारा हजारांत काम होतं. घरात चार-पाच फोन असतील, प्रत्येकाचे फोटो विखुरलेले असतील, तर पेटी घ्यावी. भाची, तुझ्याकडे पाच फोन आहेत, तू घे. पण येताना तुझ्या नवऱ्यालाही घेऊन ये, वही त्याच्याकडून लिहून घेऊ. तू लिहिलेलं तुला सोडून कुणाला वाचता येत नाही.

ता. क. कॅसेटी संगणकावर कशा उतरवल्या असं दोघांनी विचारलंय. चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर, त्याच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या लाइन-इनला एक वायर, आणि ऑडॅसिटी नावाची फुकट आज्ञावली. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, मध्ये उठायचं नाही. मूळ प्रत वेव्ह प्रकारात ठेवा, ऐकायला एमपी३ करा. आणि कॅसेटी टाकू नका.